दुखवट्याच्या दिवसांत मित्रमैत्रिणींनी काय केलं?

गेल्या आठवड्यात इथे दहावीचे निकाल, पायरीचा रस, कुणाच्या गच्चीतली जास्वंद अशा गप्पा रंगल्या होत्या आणि त्यातच आपल्यातल्या एकीची आई गेल्याचं कळलं. काय लिहावं कुणालाच सुचेना. "काही लागलं तर सांग" असं आपण सगळेच मनापासून म्हणतो, पण त्या दिवसांत माणसाला काही सांगता येत नाही. सुतकात भाऊबंद, शेजारी पिठलं-भात आणतात, कुठे कडू घास देतात. तेरावा झाला की सगळे पांगतात. खरं अवघड त्यानंतर सुरू होतं आणि तिथे मित्र लागतात, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यासाठी कोणी काय केलं, काय खाऊ घातलं, ते लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

डोंबिवलीहून
मिस्टर गेल्यावर महिन्याभराने कामावर रुजू झाले. आमचा लोकलचा ग्रुप जुना आहे. डोहाळजेवणंसुद्धा लेडीज डब्यात झालीत. सगळ्या गळ्यात पडून रडतील अशी धास्ती होती. तसं झालं नाही. परतीच्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवली होती. बसते न बसते तोच एकीने मटारची पिशवी मांडीवर ठेवली. "सोल गं जरा, माझ्याकडे पाहुणे आहेत." मी सोलत होते आणि बाकीच्या बोलत होत्या: कुणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीला आलेलं स्थळ, नव्या साहेबांची रजेवरून कटकट. हातांना काम होतं आणि माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. मुलुंड गेल्यावर डोळे वाहायला लागले. शेजारणीने रुमाल दिला आणि मोतीबिंदूची गोष्ट तशीच पुढे चालू ठेवली. त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. उतरताना दुसरीने डबा दिला, भरली वांगी आणि भाकरी. "आज घरी जाऊन गॅसपाशी उभी राहू नकोस." पुढे बरेच दिवस रोज कुणीतरी डबा द्यायचं. आपापसांत वार वाटून घेतले होते त्यांनी, मला पत्ताही लागू दिला नाही.

वेंगुर्ल्याहून
शेजारच्या काकी रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज आणायच्या, वर खारातली कैरी. पुढ्यात बसायच्या. "गरम आसा तवसर पिऊन घे." वाटी रिकामी होईपर्यंत उठायच्या नाहीत. अजूनही मन बिथरलं की मी पेजच करते.

कोल्हापुरातून
सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. असल्या दुःखाला आपल्यात दिवस नसतात. कोणी भेटायला येत नाही, जेवण आणत नाही. घरातले म्हणायचे, होईल की दुसरं. शाळेतली मैत्रीण डिंकाचे लाडू घेऊन आली, खारीक-खोबरं भरपूर घातलेले. मी म्हटलं, हे बाळंतिणीला देतात. ती म्हणाली, "मग तू कोण आहेस?" ओढणीने माझे कान बांधले, पाय चेपले, आणि विचारलं, "नाव काय ठरवलं होतंस?" ते विचारणारी ती एकटीच. नाव सांगितलं आणि मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

नाशिकहून
कोल्हापूरच्या ताई, माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं. तिला आम्ही कुणीच नाव विचारलेलं नाही. आज फोन करते.

पुण्याहून
बाबा घरीच गेले, त्यामुळे मृत्यूची नोंद आम्हालाच करायची होती. २१ दिवसांच्या आत करावी लागते, नाहीतर विलंबशुल्क आणि परवानग्या मागे लागतात. मित्राने ते स्वतःहून अंगावर घेतलं. दाखल्याच्या भरपूर प्रती आणल्या, कारण बँक, विमा, पेन्शन, घराची कागदपत्रं, सगळीकडे लागतात. शोक व्यक्त करणारं एक वाक्य तो बोलला नाही. जाताना सिलिंडर बदलून गेला.

चाळीसगावहून
आईच्या माघारी पहिला उन्हाळा. कुरडया दरवर्षी तीच घालायची, मी त्या वर्षी विषयही काढला नव्हता. तर मैत्रिणीच गहू घेऊन आल्या. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून गाळून चीक रात्रभर ठेवला. पहाटे पातेलं चढवलं आणि घाटता घाटता गल्लीतल्या सगळ्या भानगडी बोलून झाल्या. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल-तिखट घालून खाल्लं. आईला दूध-साखरेबरोबर आवडायचा, म्हणून एक वाटी तशीही केली. सोऱ्या तिचाच होता. लाकडी दांडा तिच्या हाताने गुळगुळीत झालेला, माझ्या हातात नीट बसत नव्हता. मैत्रीण म्हणाली, "बसेल." दुपारपर्यंत आईची खाट कुरडयांनी भरली.

न्यू जर्सीहून
वडील मे २०२१ मध्ये सांगलीत गेले. जाता आलं नाही. माझा मित्र सकाळी सातला फिरायला निघाला की फोन लावायचा, इथे रात्रीचे साडेनऊ. मी मऊ भात, तूप, मेतकूट घेऊन बसायचो. तो सांगायचा हळदीचा भाव, कोणाचं लग्न पुढे ढकललं, जुलैत आयर्विन पुलाखाली पाणी किती चढलं. वडिलांच्या आठवणी मी काढल्या तरच तो बोलायचा, मग मात्र भरभरून. ते सायकलवरून त्याला शिकवणीला कसे सोडायचे, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

ठाण्याहून
एक सांगते, डबा पाठवणार असाल तर. रिकामा डबा परत द्यायचा नाही असं आपल्यात असतं, आणि दुःखातली बाई त्याचीही काळजी करत बसते. मी करत होते. ओट्यावर लोकांचे डबे रांगेने आणि त्यांत घालायला घरात साखरसुद्धा नाही. म्हणून आता मी परत न मागण्यासारख्या डब्यातच खिचडी पाठवते आणि झाकणावर चिठ्ठी लावते: डबा तुझाच, फोन करू नकोस, परवा पुन्हा येते.