मदत हवी आहे : एफआरबीएम कायद्यातील अर्ध्या टक्क्याची सूट आणि करोनानंतरची तूट

नमस्कार. पदवीच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक वित्त हा विषय शिकवताना करोनाकाळातील केंद्रीय अर्थसंकल्पांपाशी काही प्रश्न सुटत नाहीत, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

२००३ च्या एफआरबीएम (राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन) कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने ३१ मार्च २०२१ पर्यंत केंद्राची राजकोषीय तूट (कर्जाखेरीजच्या जमेपेक्षा जास्त झालेला खर्च) जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले, आणि युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीची वाताहत, मोठ्या संरचनात्मक सुधारणा, विकासदरातील तीव्र घसरण अशा मोजक्या कारणांसाठी वर्षाला जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची सूट ठेवली. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात हीच सूट घेऊन २०१९-२० साठी ३.८ आणि २०२०-२१ साठी ३.५ टक्के तूट धरण्यात आली. म्हणजे टाळेबंदी लागण्यापूर्वीच कायद्याने दिलेली मोकळीक वापरून झाली होती. प्रत्यक्षात २०२०-२१ ची तूट ९.२ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी खर्च करायलाच हवा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न नियमाच्या रचनेचा आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेपुढे विचलनाचे, म्हणजे ठरलेले उद्दिष्ट का पाळता आले नाही हे सांगणारे, निवेदन ठेवले आणि २०२५-२६ पर्यंत तूट ४.५ टक्क्यांखाली आणण्याचे जाहीर केले. या कायद्याखालील सरकारी निर्णयांना दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. मग अर्ध्या टक्क्याची मर्यादा ओलांडल्यावर संसदेपुढील निवेदनाखेरीज सरकारवर आणखी कोणते उत्तरदायित्व उरते?

दुसरी अडचण आकड्यांच्या तुलनेची आहे. अन्न अनुदानाचा मोठा भाग पूर्वी भारतीय अन्न महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज देऊन भागवला जात असे आणि तो तुटीत दिसत नसे; फेब्रुवारी २०२१ मध्ये तो अर्थसंकल्पात आणला गेला. हे पाऊल मला अत्यंत स्वागतार्ह वाटते, परंतु त्यामुळे आधीच्या वर्षांची तूट आणि ९.२ टक्के हे आकडे शेजारी ठेवून संकटाचा परिणाम मोजणे योग्य ठरत नाही. आधीच्या वर्षांच्या तुटीत ही कर्जे मिळवून सुधारित मालिका कशी तयार करावी? अर्थसंकल्पाबाहेरील इतर कर्जेही तीत धरावीत का?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे २०२६-२७ पासून तुटीऐवजी केंद्राच्या कर्जाचे जीडीपीशी असलेले प्रमाण हा मुख्य निकष ठरवला असून, २०२४-२५ च्या सुधारित अंदाजातील ५७.१ टक्क्यांवरून ते मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का वर किंवा खाली, आणायचे आहे. या प्रमाणाच्या छेदात चालू किमतींवरील जीडीपी असल्याने महागाईच्या वर्षी सरकारने खर्चाला काहीही कात्री लावली नाही तरी ते घसरू शकते, आणि मंदीच्या वर्षी, नेमका जेव्हा खर्चाचा आधार लागतो तेव्हा, ते वाढते. अशा स्थितीत एका वर्षाची तूट योग्य होती की नाही, हे विद्यार्थ्यांना कोणत्या गणिताने तपासून दाखवावे? व्याजदर आणि विकासदर यांतील फरक धरून केलेले एखादे सोदाहरण गणित कोणी येथे मांडले, तर वर्गात त्याचा थेट उपयोग होईल.