‘लेझर डायग्नॉस्टिक्स’ला ‘निदान’ म्हणावे का?

प्रश्न : धातूचे संयुग ज्वलनशील द्रावकात विरघळवून त्याचा फवारा पेटवला, तर ज्वालेत टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थांचे नॅनोकण तयार होतात. या प्रक्रियेचा लेझरच्या साहाय्याने केला जाणारा अभ्यास मराठीत मांडताना ‘लेझर डायग्नॉस्टिक्स’ला ‘लेझर निदान’ म्हणणे योग्य ठरेल का? तसेच ‘फ्लुओरेसन्स’ आणि ‘इन्कॅन्डेसन्स’ या दोहोंसाठी नुसते ‘दीप्ती’ चालेल का?

प्रतिसाद : ‘निदान’ टाळावे. मराठीत निदान रोगाचे होते, फार तर यंत्रातील बिघाडाचे; या ज्वालेत मात्र काहीही बिघडलेले नसते. तेथे तापमान, थेंबांचा आकार, वायूतील रेणूंचे प्रमाण आणि कणांचा व्यास मोजायचा असतो, आणि तोही ज्वालेला स्पर्श न करता, कारण नमुना घेण्यासाठी नळी आत सरकवली की प्रवाह विस्कटतो आणि नळीत शिरलेले कण वाटेतच एकमेकांना चिकटू लागतात. म्हणून ‘लेझर-मापन’ हा शब्द साधा आणि नेमका वाटतो. शिवाय ‘निदान’चा ‘किमान’ हा अर्थ आड येतोच : ‘लेझरने निदान तापमान कळते’ या वाक्याचे काय करायचे?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्वालेतून येणारा प्रकाश नेमका कोठून आला, यावरच मापनाचा अर्थ ठरत असल्यामुळे येथे एकच शब्द तीन जागी वापरणे परवडणारे नाही. लेझरचा प्रकाश कणावर किंवा थेंबावर आदळून केवळ दिशा बदलतो, तेव्हा ते ‘प्रकीर्णन’ (स्कॅटरिंग). विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून एखादा अणू किंवा रेणू उत्तेजित होतो आणि नंतर स्वतःचा प्रकाश सोडतो, तेव्हा ती ‘प्रतिदीप्ती’, म्हणजे फ्लुओरेसन्स. ज्वालेतील हायड्रॉक्सिल (OH) मूलकाला 283 नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित करून 308 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपतात, तो या प्रकारचा. आणि लेझरच्या काही नॅनोसेकंदांच्या स्पंदाने कण एवढा तापतो की भट्टीतल्या लोखंडासारखा तापमानामुळेच उजळतो, तेव्हा ती ‘तापदीप्ती’, म्हणजे इन्कॅन्डेसन्स. काजळीचे कण अशा वेळी सुमारे 4000 केल्विनपर्यंत पोचतात. मोठा कण सावकाश निवतो, लहान लवकर. त्यामुळे हा उजेड किती वेगाने मावळतो, यावरून कणाचा व्यास काढता येतो. प्रतिदीप्तीच्या मावळण्यावरून तसे करता येत नाही, कारण तेथे निवण्याचा संबंधच नसतो.

प्रश्न : फरक मान्य आहे, पण ‘प्रतिदीप्ती’ व ‘तापदीप्ती’ हे शब्द पाठ्यपुस्तकी वाटतात. विद्यार्थी ‘फ्लुओरेसन्स’च म्हणतात, मग तोच ठेवायला काय हरकत आहे?

प्रतिसाद : ‘फ्लुओरेसन्स’ ठेवण्यास हरकत नाही, तो रुळलेला आहे. ‘तापदीप्ती’ मात्र मी सोडणार नाही, कारण त्यात तापाचा उल्लेख आहे आणि दिसणारा प्रकाश खरोखर तापामुळेच आला का, हा वाद नेमका तेथेच उद्भवतो. टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, सुमारे 400 नॅनोमीटरच्या खालील अतिनील प्रकाश शोषतो. म्हणून काजळीसाठी सर्रास वापरला जाणारा 1064 नॅनोमीटरचा लेझर येथे उपयोगाचा ठरत नाही, आणि तीव्रता वाढवत नेली तर कणांच्या पृष्ठभागावरून अणू सुटून त्यांचाच प्रकाश मापनात मिसळतो. तो प्रकाश तापदीप्ती नव्हे, असे एका वाक्यात सांगता यावे यासाठी शब्द हवा.

प्रश्न : मग एकत्र जुळलेल्या कणांच्या ‘अ‍ॅग्लोमरेट’ आणि ‘अ‍ॅग्रिगेट’ या दोहोंना ‘समूह’ म्हणावे का?

प्रतिसाद : नाही, येथेही दोन शब्द लागतील. ज्वालेच्या उष्ण भागात कण एकमेकांवर आदळून वितळल्यागत एकजीव होतात. पुढे तापमान उतरल्यावर ते अर्धवटच सांधले जातात. त्याहून वरच्या, आणखी थंड भागात ते केवळ व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे रेणूंमधील क्षीण आकर्षणाने, नुसते चिकटून राहतात. पक्क्या सांध्यांनी जोडलेल्या ‘अ‍ॅग्रिगेट’ला मी ‘संधित पुंज’ म्हणेन आणि सैल चिकटलेल्या ‘अ‍ॅग्लोमरेट’ला ‘सैल पुंज’. ‘गुठळी’ सुचवली जाते, पण ती ओली वाटते.

हा भेद मापनातही उतरतो. तापदीप्तीचा उजेड मावळण्याचा वेग मुख्यतः पुंजातील मूळ कणांच्या व्यासावर अवलंबून असतो, तर प्रकीर्णनाला एकूण पुंजाचा आकार जाणवतो. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान अशा सुट्या कणाचे प्रकीर्णन व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, म्हणजे 10 नॅनोमीटरऐवजी 20 नॅनोमीटरचा कण 64 पट प्रकाश विखुरतो. ‘कणाचा आकार मोजला’ एवढेच लिहिले, तर वाचकाने मूळ कण समजायचा की पुंज, हे कळत नाही. फवाऱ्यात तर आणखी एक अडचण असते : अजून न जळालेला काही मायक्रोमीटरचा एक थेंब आसपासच्या असंख्य नॅनोकणांचे प्रकीर्णन झाकून टाकतो. म्हणून ‘थेंब’ आणि ‘कण’ हे शब्द एकमेकांऐवजी कधीही वापरू नयेत, मग वाक्यात तोच शब्द चार वेळा आला तरी चालेल.

प्रश्न : ‘ज्योत’ की ‘ज्वाला’?

प्रतिसाद : ज्वाला. ज्योत स्थिर आणि लहान असते. येथे प्रवाह खवळलेला असतो.