आईचं हाड जुळेना, हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरजवळचे. आई, वय ६४, खळ्यात घसरून मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. चार महिने झाले तरी एक्स-रेत ती काळी रेघ तशीच. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या घेते. त्यांनी हाड भरणं मंदावतं, शिवाय पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटून हाडं ठिसूळ होतात, असं डॉक्टर म्हणाले. आता रोज २० मायक्रोग्रॅम टेरिपॅराटाइड सुचवलंय, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोनचाच (गळ्यातल्या बारीक ग्रंथींचं, कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) एक तुकडा. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि आमच्याकडे लाईट सारखी जाते! बेळगाव-निपाणीकडे कुणी घेतलंय का? इंजेक्शनचं पेन कसं जपलंत? आधी हार्मोनतज्ज्ञांना दाखवावं का? वॉकर बघितला तरी आई रडते हो.