थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरीही क्षयाचीच औषधे चालू आहेत. हा फुप्फुसाचा कर्करोग असू शकतो का?

प्रश्न : माणगंगा

माझी आई ५८ वर्षांची आहे. आई-वडील सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहतात आणि मी नोकरीमुळे पुण्यात असते. दिवाळीनंतर आईला खोकला सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोन वेळा अँटिबायोटिक दिले, पण उतार पडला नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला, त्यात डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट डाग दिसला आणि त्यावरून क्षयरोगाचे निदान झाले. थुंकी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली आणि एकदा ट्रूनॅट यंत्रावर तपासली, दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. तरीही ‘डाग क्षयाचाच दिसतो’ असे सांगून औषधे सुरू केली गेली. त्याला आता नऊ आठवडे झाले असून एकाही दिवसाची गोळी चुकलेली नाही.

या नऊ आठवड्यांत आईचे वजन ५४ किलोवरून ४७ किलोवर आले आहे. पंधरा दिवसांपासून तिचा आवाज इतका बसला आहे की फोनवर मला तो ओळखू आला नाही. परवा गावी गेले होते, तेव्हा सकाळी मोरीत पडलेल्या तिच्या बेडक्यात रक्ताची रेघ मी स्वतः पाहिली. तिने लगेच तांब्याभर पाणी ओतले आणि ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विषय संपवला.

आईने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, मशेरीसुद्धा नाही. वडील मात्र चाळीस वर्षे विडी ओढत आहेत आणि सात वर्षांपूर्वी गॅस येईपर्यंत आमचा सगळा स्वयंपाक चुलीवर होत असे. ज्याने कधी धूम्रपान केले नाही त्याला फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो का, आणि आता नेमकी कोणती तपासणी करून घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : छातीविकार_सोलापूर

ताई, मी १६ वर्षे छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. आईंना न तपासता निदान सांगणे योग्य होणार नाही, पण थुंकीतले रक्त, सात किलो घटलेले वजन आणि बसलेला आवाज या तीन गोष्टी एकत्र आल्या असताना औषधांचा कोर्स पूर्ण होण्याची वाट पाहणे मुळीच योग्य नाही. याच आठवड्यात शिरेतून औषध देऊन काढलेला छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. क्षयाची औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांवर सोपवा.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या लक्षणाकडे घशाचा आजार म्हणून हमखास दुर्लक्ष होते. स्वरयंत्र हलवणारी डावी नस मानेतून सरळ स्वरयंत्रात न शिरता आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर जाते. त्या वळशाजवळ गाठ किंवा सुजलेली लसिकाग्रंथी असेल तर नस दाबली जाऊन डावा स्वरतंतू हलेनासा होतो. म्हणून डाव्या बाजूचा डाग आणि घोगरा आवाज यांचा मेळ बसला की आम्ही सावध होतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, खांद्यातून हातात उतरणारी न थांबणारी कळ, चेहऱ्यावर आणि मानेवर सूज, बोटांची टोके फुगून नखे गोलसर होणे हीदेखील फुप्फुसाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात.

आधीच्या डॉक्टरांना क्षयाची शंका आली, यात नवल नाही. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि एक्स-रेवर दोन्ही आजारांचे डाग सारखेच दिसू शकतात. थुंकीत जंतू नसतानाही क्षय असू शकतो, हेही खरे आहे. परंतु जंतू सापडले नाहीत आणि दोन महिन्यांच्या औषधांनी वजन वाढण्याऐवजी घटत गेले, तर निदानाचा पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कर्करोगाच्या रुग्णांच्या पिशवीत क्षयाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे असतात आणि वाया गेलेले ते महिने पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

एक्स-रे किंवा सीटी हे सावलीचे चित्र आहे. निदान होते ते तुकडा तपासल्यावरच. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीने, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने, आणि छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीच्या मदतीने सुई घालून तुकडा घेतात. ‘सुई लागली की कर्करोग भडकतो’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे आणि तिच्यापायी लोक तपासणी टाळतात. कृपया तिला बळी पडू नका.

उत्तर : देवगडकर

माणगंगाताई, माझ्या मोठ्या बहिणीचे नेमके असेच झाले होते. ती शाळेत शिक्षिका होती, धूम्रपानाचा प्रश्नच नव्हता, आणि चार महिने तिला क्षयाची औषधे चालू होती. शेवटी फुप्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी काढून तपासले तेव्हा त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या.

आमच्या अनुभवातून एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुकडा तपासून झाल्यावर पॅथॉलॉजीच्या अहवालाबरोबर मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. नखाएवढा मेणाचा चौकोन असतो, त्यात तुकडा बसवलेला असतो आणि प्लास्टिकच्या डबीवर पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला असतो. आम्हाला त्याचे महत्त्व कोणी सांगितलेच नव्हते. मुंबईला गेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न ‘ब्लॉक कुठे आहे?’ हाच विचारला आणि तो आणण्यासाठी मला रात्रीच्या गाडीने परत गावी यावे लागले. उन्हात मेण वितळू नये म्हणून तो रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून नेला, ते मी विसरणार नाही. त्या तुकड्यावरच ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी झाली. बहिणीच्या गाठीत ईजीएफआरचा बदल सापडला आणि केमोथेरपीऐवजी रोज एक गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात ती उशीला न टेकता झोपू लागली. आजार चौथ्या टप्प्यातला होता, त्यामुळे पूर्ण बरी होण्याचे आश्वासन कोणी दिले नव्हते, पण त्यानंतर अडीच वर्षे ती आमच्यात होती आणि त्यातले दीड वर्ष तिने शाळेत शिकवले.

खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून संलग्न रुग्णालयांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचारांना मदत मिळते, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायची वेळ आली तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

माणगंगा

आपल्या दोघांचे मनापासून आभार. सीटी झाला. डाव्या बाजूला साडेचार सेंटिमीटरची गाठ आहे आणि मधल्या लसिकाग्रंथी वाढल्या आहेत. सोमवारी ब्रॉन्कोस्कोपी ठरली आहे. अहवाल वाचल्यापासून वडील गप्प आहेत. काल रात्री त्यांनी मला एकच विचारले, ‘माझ्या विडीनं झालं का गं तिला?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : छातीविकार_सोलापूर

ताई, वडिलांना खरे ते सांगा, पण पूर्ण सांगा. घरातल्या दुसऱ्याच्या धुराने कर्करोगाचा धोका वाढतो. चुलीच्या धुराने वाढतो, बाहेरच्या प्रदूषित हवेने वाढतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले. ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक आणि जमिनीतून येणारा रेडॉन वायू हीदेखील कारणे आहेत. मात्र एका विशिष्ट व्यक्तीच्या गाठीमागे यांपैकी नेमके काय होते, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ज्यांनी कधीच धूम्रपान केले नाही अशा अनेक स्त्रियांना, विशेषतः आशियात, हा आजार होतो. भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चारांपैकी एका रुग्णाच्या गाठीत, कधी त्याहून अधिक प्रमाणात, ईजीएफआरचा बदल सापडतो.

आता खुद्द वडिलांविषयी. चाळीस वर्षांच्या विडीनंतर आपल्या घरात सर्वाधिक धोका त्यांना आहे. विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, असे आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या घरांतही मानतात, पण ती विझू नये म्हणून वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात आणि त्यामुळे छातीत जाणारे विष सिगारेटपेक्षा कमी नसते. विडी सोडल्यानंतर दहा वर्षांनी या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्मा होतो. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.

त्यांचा कमी किरणोत्साराचा सीटीही करावा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वार्षिक तपासणीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण गाठीसारखे दिसून घोटाळा होतो, म्हणून सरसकट तपासणीचा सल्ला मी देत नाही.

आईंच्या उपचारांची दिशा तुकड्याचा प्रकार आणि आजाराचा टप्पा कळल्यावरच ठरेल. लहान आणि एकाच जागी असलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. मधल्या ग्रंथींपर्यंत गेलेल्या आजाराला बहुधा केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र देतात आणि त्यानंतर काही रुग्णांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी औषधे. पसरलेल्या आजारात जनुकीय बदलानुसार गोळ्या, इम्युनोथेरपी किंवा केमोथेरपी यांतून निवड करतात. लहान पेशींचा प्रकार वेगाने पसरतो आणि त्यात सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत.

उत्तर : परिचारिका_मिरज

निदान होण्याआधी हे लिहावे की नाही, असा विचार आला, पण सोमवारपर्यंत आईंना त्रास होतोच आहे. दम लागला की त्यांना आडवे झोपवू नका. टेबलापुढे बसवा, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर दोन्ही हात टेकू द्या आणि छोटा पंखा गालाकडे वारा येईल असा लावा. त्याने दमाची जाणीव खरोखर कमी होते. बेडक्यातले रक्त रेघेपेक्षा वाढून चमचाभर येऊ लागले तर सोमवारची वाट न पाहता तडक रुग्णालयात न्या. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, नाव निघाले तर घाबरू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ही सेवा सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण अधिक बरे जगले आणि सरासरीने अधिक काळही जगले.