हक्कसोडपत्रावर सही केली, तरच भावाला क्षमा केली असे होते का?

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा)

सर्वांना सलाम. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. वडील मृत्युपत्र न करता प्रभूमध्ये झोपी गेले. मागे आई, थोरला भाऊ आणि मी विवाहित मुलगी, असे तिघे राहिलो. शेतजमीन आणि घर दादाच्या ताब्यात आहे. मी वाट्याचा विषय काढल्यापासून त्याने माझ्याशी बोलणे टाकले आहे, आणि आईला माझ्याकडे चार दिवस यायचे असले तरी वहिनींचा चेहरा पाहून ती गप्प बसते. तुझ्या लग्नात खर्च झाला तोच तुझा वाटा, असे दादाचे म्हणणे आहे. मंडळीतील (आमच्या चर्चमधील) वडीलधारे मला हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी हो असे सांगतात, कारण ख्रिस्ती माणसाने भावाला कोर्टात खेचू नये असे प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना लिहिले आहे. मला भांडण नको आहे, पण सही करून मनात कडवटपणा राहणार असेल तर त्याला समेट म्हणावे का? दादा आणि मी एकाच मंडळीत प्रभुभोजन (उपासनेतला भाकरी व द्राक्षारसाचा विधी) घेतो, आणि अलीकडे माझा हात त्या भाकरीकडे जाताना अडखळतो. मी काही काळ दूर राहावे का?

उत्तर १ (निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, संगमनेर)

ताई, सलाम. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय आपल्याकडे नेहमी अर्धाच वाचला जातो. अन्याय सोसून घ्या हे पौल सांगतो खरे, पण लगेच पुढच्या वचनात, तुम्हीच अन्याय करता आणि तेही आपल्या भावांवर, असे तो खडसावतो. शिवाय भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, हा त्याचा प्रश्न मंडळीला आहे. म्हणून जे वडीलधारे आपल्याला सही करायला सांगतात, त्यांनी आधी आपल्या दादाला समोर बसवून जमिनीचा हिशेब विचारणे हे त्यांचे कर्तव्य होते. दुबळ्या बाजूला क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. माझ्या सेवाकाळात मी हे अनेक घरांत पाहिले आहे आणि त्यातून शांती आलेली फारशी पाहिली नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: प्रथम एकट्याने जाऊन भावाला त्याचा अपराध दाखवावा, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, आणि मग मंडळीला सांगावे. आपल्याकडे गोष्ट आधी मामा-मावशांच्या कानी जाते आणि ज्याच्याशी बोलायचे तो शेवटी राहतो. आपण दादाशी एकट्याने, वहिनी किंवा आपले यजमान मध्ये नसताना, बोलला आहात का? तसे झाले नसेल तर सुरुवात तिथून करावी. बरोबर न्यायची माणसे दोन्ही बाजूंना मान्य असावीत, आणि शक्यतो नात्यातली नसावीत.

प्रभुभोजनापासून दूर राहू नये. पौल माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी असे सांगतो. परीक्षा करून उठून जावे असे सांगत नाही. वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा तर आपल्याइतकीच दादालाही लागू आहे.

उत्तर २ (वकील, पुणे)

कायद्याची बाजू स्पष्ट झाल्यावाचून समेटाची बोलणी अंधारात होतात, म्हणून थोडे लिहितो. भारतीय ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्राविना वारली, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत समान. आपल्या घरात आई, दादा आणि आपण, तिघांचाही वाटा नेमका एकेक तृतीयांश येतो. मुलगी विवाहित असल्याने त्यात फरक पडत नाही, आणि वडिलांनी हयातीत एखाद्या अपत्यावर केलेला खर्च वाटणीच्या वेळी वजा धरायचा नाही अशी तरतूद याच कायद्यात आहे. तेव्हा लग्नाच्या खर्चाचा मुद्दा टिकणारा नाही.

या सगळ्यात आईच्या तिसऱ्या हिश्श्याबद्दल कोणीच बोललेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सातबाऱ्यावर तिन्ही वारसांची नावे लागली आहेत की नाही, हे आधी तलाठ्याकडे पाहावे. वारस नोंद हा दावा नव्हे, आणि तिच्यासाठी कोणाशी वैर धरावे लागत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र सहजासहजी मागे घेता येत नाही; मन दुखावलेले असताना किंवा कोणाच्या भिडेने त्यावर सही करू नये. आपसांत तडजोड झाली तर दावा न लावताही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत ती नोंदवता येते. त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. पौलाला नको असलेली झुंज तिथे होत नाही, असे मला वाटते. पाळकसाहेबांनी यावर मत द्यावे.

उत्तर ३ (वसई)

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची भाषा थोडी वेगळी. वकीलसाहेबांचे बरोबर असले तरी हिश्श्याचे अपूर्णांक हातात घेऊन भावाच्या दारात जाऊ नये, असे मला वाटते. बायबलमधल्या याकोबाने थोरला भाऊ एसाव याचा आशीर्वाद कपटाने घेतला होता; तो वीस वर्षांनी एसावाला भेटायला निघाला तेव्हा ज्येष्ठत्वाचा वाद उकरायला गेला नव्हता. त्याने आधी भेटी पाठवल्या आणि मग स्वतः सात वेळा भूमीपर्यंत लवून पुढे गेला. अर्थात तिथे फसवणारा याकोबच होता, आणि आपल्या घरात तसे नाही, हा फरक मी विसरलेलो नाही. तरी पहिले पाऊल दुखावलेल्याने टाकू नये असा नियम शास्त्रात कुठे नाही.

त्या कथेचा पुढचा भाग प्रवचनांत फारसा येत नाही. गळ्यात पडून रडल्यावरही दोघे भाऊ एकत्र राहिले नाहीत. एसाव सेईरला परतला, याकोब सुक्कोथला गेला. पुढे बाप इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला पुरले. समेट म्हणजे पूर्वीसारखे एका चुलीवर जेवणे, ही अपेक्षा आपण धरली नाही तर आपले बरेच ओझे कमी होईल. आईला दोन्ही घरी जाता यावे आणि तिच्या आजारपणात दोघांनी एकमेकांना फोन करावा, एवढे साधले तरी तो समेटच आहे.

उत्तर ४ (निवृत्त पाळक, संगमनेर)

वकीलसाहेब, लोकअदालतीला माझी हरकत नाही. दोघांनी मान्य केलेले वचन कागदावर उतरवणे म्हणजे भावाशी झगडणे नव्हे. अट एकच: ताईंनी दादाला आधी स्वतः सांगावे, नोटिशीतून कळू देऊ नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. दादाशी एकट्याने मी कधीच बोललेले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी मध्ये होते. आईच्या हिश्श्याचा विचार तर माझ्याही मनात आला नव्हता, आणि कदाचित बोलणे तिथूनच सुरू करता येईल, कारण तिच्याबद्दल आम्हा दोघांत मतभेद नाही. हक्कसोडपत्रावर सध्या सही करणार नाही, हे मंडळीच्या वडीलधाऱ्यांना या रविवारी कळवीन. पाळकसाहेब, बरोबर न्यायला आमच्या मंडळीबाहेरचा माणूस चालेल का? आमच्याकडे दादाच्या शब्दाबाहेर जाईल असा कोणी दिसत नाही.

उत्तर ५ (निवृत्त पाळक, संगमनेर)

चालेल. फक्त दादालाही एक नाव सुचवू द्यावे.