प्रतिसाद: पळणारा क्वार्टरबॅक टिकतो का?

"पळणारा क्वार्टरबॅक तीन-चार हंगामांत मोडतोच" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धवट पटतं. (क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणारा खेळाडू; तो पास टाकतो किंवा स्वतः चेंडू घेऊन पळतो.) रॉबर्ट ग्रिफिनचं उदाहरण सगळे देतात. पण २०१२ च्या मोसमात आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर त्याला प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) खेळवलं. तो दोष पद्धतीचा की त्याला खेळवणाऱ्या प्रशिक्षकांचा?

रेव्हन्स संघाचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन बघा. २०१९ मध्ये १,२०६ यार्ड पळाला, एकमताने एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. २०२२ मध्ये त्याचा गुडघा गेला तो पळताना नव्हे, सॅक होताना, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला जाताना! मागे उभं राहून मार खाणं काही कमी धोक्याचं नाही, निदान पळणाऱ्याला धडक येताना दिसते तरी.

आणि फायदा साध्या हिशोबाचा आहे. रीड-ऑप्शन या डावपेचात बचावातला एक गडी ब्लॉक न करता (न अडवता) मोकळा सोडतात, क्वार्टरबॅक त्याला बघून चेंडू साथीदाराला द्यायचा की स्वतः पळायचं याचा निर्णय घेतो. म्हणजे एक ब्लॉकर फुकटात मिळाला. हे गणित जुनं होत नाही.

अडचण पिछाडीवर पडल्यावर येते. त्याच २०१९ च्या मोसमात १४-२ (१४ विजय, २ पराभव) असा रेकॉर्ड असलेले रेव्हन्स प्लेऑफमध्ये टेनेसी संघाकडून २८-१२ ने हरले, कारण मग पास टाकतच बसावं लागलं. २०२४ मध्ये लमारने ४१ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले आणि शिवाय ९१५ यार्ड पळालाच. पळणं सोडलं नाही त्याने, फक्त एकट्या पायांवर भिस्त ठेवली नाही.