नोकरी सोडल्यानंतर कंपनीच्या लॅपटॉपमधील वैयक्तिक फायली कशा मिळवाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार.

हिंजवडीतील एका कंपनीत मी बरीच वर्षे काम करत होतो. राजीनामा दिल्यावर नोटीस पिरियड पूर्ण करायचा असे ठरले होते. परंतु व्यवस्थापनाने मला त्याआधीच मोकळे करण्याचा निर्णय घेतला आणि तो ज्या दुपारी कळवला, त्याच दुपारी माझे लॉगिन बंद झाले. मी त्या वेळी कोथरूडला घरूनच काम करत असल्यामुळे लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे, मात्र तो उघडत नाही. येत्या आठवड्यात कंपनीतर्फे कुरिअरवाला येऊन तो घेऊन जाईल.

मर्यादित वैयक्तिक वापराला आमच्याकडे परवानगी होती आणि त्यानुसार डॉक्युमेंट्समध्ये माझा एक फोल्डर आहे. त्यातील कागदपत्रांची मला फारशी चिंता नाही. फॉर्म १६ कंपनीकडून पुन्हा मागता येतो, कापलेल्या कराची नोंद आयकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएसमध्ये दिसते, पीएफचे पासबुक यूएएन क्रमांकावरून निघते आणि सदनिकेच्या करारनाम्याची प्रमाणित प्रत ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तेथून मिळू शकते.

चिंता आहे ती आईच्या आवाजातील ओव्यांची. दिवाळीला भोरजवळच्या आमच्या गावी गेलो की मी आईला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावून त्या फोनवर ध्वनिमुद्रित करत असे. पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करण्यासाठी त्या फायली लॅपटॉपवर घेतल्या, नंतर तो फोन बिघडला आणि गेल्या वर्षी आई गेली. अशा ओव्या जपण्याचे फार मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातूनच उभे केले, ओव्यांचे शब्द कदाचित तेथे सापडतीलही. पण आमच्या आईचा आवाज दुसरीकडे कोठेही नाही.

एका परिचितांनी सुचवले की बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून डिस्क काढून घ्यावी आणि फायली उतरवून झाल्या की ती पुन्हा बसवावी. मला हे पटत नाही, परंतु वेळ थोडा असल्यामुळे मन अस्वस्थ आहे. असे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते का, आणि कायद्याने चालते का? ते योग्य नसेल, तर कंपनीला नेमके काय लिहावे, म्हणजे विनंती ‘नियमात बसत नाही’ या एका ओळीत परत येणार नाही? लॅपटॉप परत गेल्यावर त्यातील सर्व माहिती साधारणपणे केव्हा पुसली जाते, हेही कोणी सांगू शकले तर उपकार होतील.

प्रतिसाद

मी खराडीतील एका कंपनीत परत आलेल्या लॅपटॉपचेच काम पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दुरुस्तीवाल्याकडे मुळीच जाऊ नका. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा तत्सम एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असते, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ४८ अंकी रिकव्हरी की मिळाल्याशिवाय काहीही वाचता येत नाही, आणि ती की कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय त्यातील माहिती उतरवून घेणे नियमबाह्य आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केल्याचे ठरले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ओव्या तुमच्या आहेत, परंतु ज्या यंत्रात त्या आहेत ते तुमचे नाही. लॅपटॉप अडवूनही ठेवू नका, कारण मग तुमची साधी विनंती वादाचा विषय होते आणि फुल अँड फायनल, म्हणजे पगाराचा अखेरचा हिशेबही रखडतो.

लॅपटॉप सध्या पूर्ण बंद ठेवा. दूरस्थ पुसण्याचा आदेश कंपनीने दिला असेल, तर लॅपटॉप इंटरनेटला जोडला जाताच तो अमलात येतो. परत आलेला लॅपटॉप पुसण्याला ठरावीक मुदत नसते. नव्या माणसासाठी यंत्र हवे असेल तर ते त्याच दिवशीही होते, आणि एन्क्रिप्टेड डिस्क एकदा व्यवस्थित पुसली की फायली परत येत नाहीत. म्हणून लॅपटॉप हातातून जाण्यापूर्वी पुसण्यावरील स्थगिती लेखी मिळवणे, हीच तुमची पहिली मागणी असावी.

एक आशेची गोष्ट. अनेक कंपन्यांत डॉक्युमेंट्समधील सर्व काही आपोआप वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत जात असते. तसे असेल तर ओव्यांची प्रत तेथे असू शकते, मात्र खाते काढून टाकल्यानंतर त्या फायली मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसच राहतात. हे आयटी विभागाला स्पष्ट शब्दांत विचारा.

ईमेल एचआर आणि आयटी विभाग या दोघांनाही एकत्रच पाठवा आणि तुमच्या माजी व्यवस्थापकांना प्रत द्या. त्यात अ‍ॅसेट टॅगचा (लॅपटॉपवर चिकटवलेल्या कंपनीच्या ओळखपट्टीचा) क्रमांक, फोल्डर नेमका कोठे आहे ते, फायलींची नावे आणि प्रकार, अंदाजे संख्या, एवढे असू द्या. ‘माझा सगळा डेटा द्या’ असे लिहिले की नकार येतो, कारण त्यात कंपनीचे काय आहे हे तपासायला कोणाजवळ वेळ नसतो. ‘या फोल्डरमधील केवळ ध्वनिफायली द्या’ असे लिहिले तर तपासणाऱ्याचे काम थोडक्यात होते. साधारण असे लिहा: ‘या फायलींत कंपनीची कोणतीही माहिती नाही. आपल्या प्रतिनिधीने त्या ऐकून खात्री करून घ्यावी आणि मगच मला द्याव्यात. तोपर्यंत लॅपटॉप व माझे वनड्राइव्ह पुसू नये, ही नम्र विनंती.’ आई गेल्याचेही एका वाक्यात जरूर लिहा. ईमेल वाचणारी शेवटी माणसेच असतात.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. मसुदा तयार केला आहे आणि आज रात्रीच पाठवतो. फक्त एक शंका: फायली घेण्यासाठी माझी नवी हार्ड डिस्क लॅपटॉपबरोबर पाठवली तर त्यांचे काम सोपे होईल का?

प्रतिसाद

पाठवू नका. बाहेरचे उपकरण जोडण्यास बहुधा मनाई असते आणि डिस्क वेगळी पडून गहाळ होण्याचीही भीती असते. फायली डाउनलोड लिंकने द्याव्यात किंवा कार्यालयात समक्ष बोलवावे, असे दोन्ही पर्याय ईमेलमध्येच देऊन ठेवा. कुरिअरवाला येईपर्यंत उत्तर आले नाही, तर एचआरला फोन करून तारीख पुढे ढकलून मागा आणि फोननंतर त्याच ईमेलखाली त्या बोलण्याची नोंद करा. लॅपटॉप देताना पावतीवर अ‍ॅसेट टॅग लिहून घ्या, आणि खोक्यात ईमेलची छापील प्रत सर्वांत वर ठेवा. आमच्याकडे खोके उघडणाऱ्याला ईमेलची माहिती नसते, असे अनेकदा होते.